योलाशी झालेली अदलाबदल

नवऱ्यासाठी, योखेनसाठी अंडी उकळायला ठेवली होती आणि तो पेपरातलं हवामान मला मोठ्यानं वाचून दाखवत होता, जणू आमच्या स्वयंपाकघराला खिडकीच नाही. तेवढ्यात दार वाजलं. घंटा नाही, दार. आमच्या इमारतीत परका माणूस खालून घंटा वाजवतो. थेट दारावर टकटक करतो तो शेजारचाच. म्हणून मी हात न पुसताच उघडलं.

दारात प्राणिसंग्रहालयाच्या हिरव्या जाकिटातली एक तरुण बाई उभी होती. तिथल्या वानरांच्या अभ्यासकेंद्रातली डॉक्टर फेनर, तिनंच सांगितलं. म्हणाली, तुमच्या वरच्या मजल्यावरच्या हाइडरून पेट्झोल्ट आज कामावर आल्या नाहीत, फोन घेत नाहीत, दारही उघडत नाहीत. तुमच्याकडे त्यांची किल्ली असते म्हणे.

असते. सुट्टीत तिच्या कुंड्यांना पाणी मीच घालते. पण हाइडरून न सांगता घरी राहणारी नव्हे, मी लगेच किल्ली काढली. सर्दी झाली की वानरांजवळ जायला बंदी असते, माणसाची सर्दी त्यांना लागते म्हणून. तेवढे दिवस ती जिन्यात अशी फिरते की वाटावं, हिला घरातून हाकललंय. योखेननं गॅस बंद केला. "जा," एवढंच म्हणाला. एरवी कुठल्याही गोष्टीवर त्याच्याकडे एक शेरा तयार असतो.

हाइडरून तरुणपणी सूतगिरणीत होती. देशाचे दोन भाग करणारी भिंत पडली, देश एक झाला आणि गिरणीला टाळं लागलं. नवरा आधीच गेला होता. मुलगा श्टेन मोठा झाल्यावर पश्चिमेकडे गेला, नाताळला फोन करतो. प्राणिसंग्रहालयात तिला भाज्या चिरायचं काम मिळालं, आणि तिथून ती अभ्यासकेंद्रात गेली. तिथे देशोदेशीचे विद्यार्थी येतात, चिंपांझीला काय कळतं, काय आठवतं, ते तपासतात आणि परत जातात. चिंपांझीवर जबरदस्ती नसते. मनात असेल तरच तो चाचणीच्या खोलीत येतो. चिंपांझी यायचे ते हाइडरूनसाठी.

तिनं त्यांना अदलाबदल शिकवली होती. जाळीपाशी तळहात उताणा धरायचा. चिंपांझीनं हातातली वस्तू त्यावर ठेवली की द्राक्ष द्यायचं. आत पडलेला स्क्रू, काठी, काहीही असंच परत मिळवायचं. नियम एकच, कधी फसवायचं नाही. योला नावाच्या मादीनं एकदा एका विद्यार्थ्याचा चष्मा पळवला, त्याचे तुकडे केले आणि एकेका तुकड्याला एकेक द्राक्ष वसूल केलं. योखेन म्हणाला होता, "हिला आपल्या भाडेकरू संघाची अध्यक्ष करा." हाइडरून हसली नव्हती. म्हणाली, "तिला ठाऊक आहे, मी देते म्हणून."

योलाचं पिल्लू गेल्याचं तिनं मला जिन्यातच सांगितलं होतं. खोकल्याची साथ आली, त्यात गेलं. योला त्याला सोडत नव्हती. पाठीवर टाकून फिरत होती, माश्या वारत होती.

वर तिच्या दारापाशी मी हाक मारली. किल्ली लावावी लागली नाही, तिनंच उघडलं. अंगात कामाचे कपडे, पायात बूट. म्हणजे सकाळी निघाली होती आणि उंबऱ्यापाशीच थांबली होती. माझ्याकडे बघितलं, डॉक्टरकडे नाही. टेबलावर कॉफी जशीच्या तशी होती, वर साय आलेली. मी ती ओतून देऊन नवीन करायला लागले.

डॉक्टर उभ्यानंच बोलत होती. काल काय झालं ते मला तिच्याकडून कळलं. पिल्लू काढून घेणं भागच होतं, वास सुटला होता आणि कळपात आणखी लहान पिल्लं होती. योलालाही खोकला होता. भूल दिली असती तर कदाचित ती उठलीच नसती. मग उरला हाइडरूनचा हात. सगळ्यांनी मिळून ठरवलं, हाइडरूनसुद्धा हो म्हणाली.

तिनं जाळीच्या झडपेतून तळहात पुढे केला. योला बराच वेळ बघत राहिली. मग तिनं पिल्लू त्या हातावर ठेवलं.

"द्राक्षं दिली तुम्ही," डॉक्टर म्हणाली. "नियम मोडला नाहीत."

"पुढचं सांगा ना," हाइडरून म्हणाली.

डॉक्टर जाकिटाची चेन खालीवर करत राहिली. मग हाइडरूननंच सांगितलं. योलानं द्राक्षं खाल्ली नाहीत. ती सगळी वेचून तिनं झडपेतून परत दिली आणि स्वतःचा तळहात उताणा पुढे केला. काही मिळालं नाही तेव्हा गवत आणून दिलं. मग काठी. मग झोपायचं गोणपाट ओढत आणून थोडं थोडं करून झडपेतून ढकललं. खोलीत देण्यासारखं काही उरलं नाही, तरी हात तसाच होता.

"मी सगळं घेतलं," ती म्हणाली. "घेऊ नको तर काय करू? आणि द्यायला माझ्याकडे काही नव्हतं."

मी तिच्यापुढे कप ठेवला. तिनं नुसता धरून ठेवला.

असं आजवर कुणी पाहिलेलं नाही, केंद्रात सगळे ते चित्रण पुन्हा पुन्हा बघताहेत, असं डॉक्टर बोलून गेली आणि तिचा चेहरा उतरला. पोरगी वाईट नव्हती. डोळे रात्रभर जागल्यासारखे होते.

"हाइडरून बाई, ती पाणीसुद्धा पीत नाही. बाकी कुणाकडे बघतही नाही. तुम्ही आलात तर पिईल."

"माझ्याकडून तिला पाणी नकोय, डॉक्टर. तिला वाटतंय, मी तिचा मुलगा ठेवून घेतला."

"तिला नक्की काय वाटतं, ते आपल्याला..."

"इतकी वर्षं तेच तर तपासताय ना?"

डॉक्टर खाली बसली. मी तिलाही कॉफी दिली. दुसरं काय करणार. जिन्यात कुणीतरी सायकल उतरवत होतं, चाक पायऱ्यांवर आपटत होतं.

हाइडरूननं विचारलं, तो कुठे आहे. शीतघरात, डॉक्टर म्हणाली. दुपारी विद्यापीठाची गाडी येईल, तिकडे चिरून तपासतील. तिथून तो परत येणार नाही.

हाइडरून उठली. सिंकपाशी हात धुतले आणि मग पहिल्यांदाच डॉक्टरकडे सरळ बघितलं.

"मी येते. पण गाडी यायच्या आधी त्याला बाहेर काढा आणि माझ्या मांडीवर द्या, जाळीच्या अलीकडे. तिला परत द्यायचा नाही, हे मला कळतं. तिला नुसतं बघू दे, की तो माझ्याकडेही उठत नाही."