तुंब्यातलं बियाणं

नवरा ओचोला तळ्यात बुडाला त्या दिवसापासून अपोंडी त्याचाच जुना कोट अंगावर घालून वावरायची. केनियातल्या लुओ जमातीच्या घरातली विधवा ती. शुद्धी होईपर्यंत दुसऱ्याचं कुंपण ओलांडायचं नाही, शेतात बी टाकायचं नाही; टाकलं तर अख्ख्या घराला शाप. आणि थोरल्या सुनेनं पेरल्याशिवाय धाकट्यांनाही पेरता येत नाही. नांगरलेली जमीन तोंड उघडून पडली होती आणि सगळं घर अपोंडीकडे बघत होतं.

शुद्धी म्हणजे ओडिरासोबत एक रात्र. आसपासच्या विधवांकडे हाच माणूस सायकलवरून जायचा. त्यातल्या दोघी खंगून गेल्या होत्या.

ओचोला किनाऱ्या-किनाऱ्यानं हिंडणारा, जागोजागी बाया असलेला, म्हणून तो असतानाच अपोंडी गुपचूप एचआयव्ही रोखणारं इंजेक्शन घ्यायची. पोटाच्या कातडीखाली एकदा टोचलं की सहा महिने घोर नाही. कुणाला दिसत नाही, ऐकू येत नाही. पण सुतकात पुढच्या इंजेक्शनची तारीख उलटली, आणि चिंचेखाली येणारी दवाखान्याची गाडीही बंद पडली. शेवटी एका भर दुपारी ती चालत जाऊन दवाखान्याचं कुंपण ओलांडून आत गेली.

नर्स बेरिलनं बोटाचं रक्त तपासलं. "अजून चांगली आहेस गं माय. पण इंजेक्शन संपलंय. पुढचं कधी येईल, मलाच कुणी सांगत नाही. या गोळ्या घे, रोज एक. आठवडाभर पोटात गेल्याशिवाय त्यांच्यावर विसंबू नकोस."

गोळ्या खुळखुळतात, आणि सासू एकाच झोपडीत. दिसल्या असत्या तर हिच्याच रोगापायी नवऱ्यानं तळ्यात जीव दिला, असं ठरलं असतं. अपोंडीनं त्या बियाण्याच्या तुंब्यात ओतल्या. शुद्धीआधी विधवेच्या तुंब्यात कुणी हात घालत नाही.

तिसऱ्याच सकाळी ओडिराची सायकल अंगणात टेकली.

"इतक्यात?" अपोंडीच्या तोंडून निघून गेलं.

"इतक्यात म्हणे!" जाऊ अकेलो फिसकारली. "पोरांना काय दगड शिजवून घालू? राणीसाहेबांचा मुहूर्तच निघेना!"

"आत्याबाई, आठवडाभर थांबा. पाया पडते."

"आभाळ थांबेल का तुझ्यासाठी?" सासूनं तुंबा कानाशी हलवला. "बी खडखडीत वाळलंय. उद्या पेरायचं."

"वहिनी, मी काय खातो का तुला?" ओडिरा हसला.

त्या खंगलेल्या दोघींनाही तो असंच हसून म्हणाला असेल. अपोंडीनं सासूच्या हातून तुंबा ओढून घेतला, कुदळ उचलली आणि शेतात उतरली. सगळ्यांदेखत ती मक्याचे दाणे टाकत चालली. मुठीत गोळी आली की ती नवऱ्याच्या कोटाच्या खिशात.

अकेलोनं किंकाळी फोडली, पोरांना आत ओढलं. ओडिरानं सायकल फिरवली. असल्या शापित घरी तो पाण्यालाही थांबला नसता.

सासू बांधावर मटकन बसली. "माझं लेकरू आज तू दुसऱ्यांदा बुडवलंस. या शेतातलं कणीस इथं कुणी खाणार नाही. तुझ्या हातचं पाणीसुद्धा नाही."

"मी जगेन, आत्याबाई."

"कुणासाठी?"

ओळ अर्धी राहिली होती. अपोंडी पुढचा दाणा टाकायला खाली वाकली.