सतराव्या वर्षापर्यंतचे दात

मुलीने दंतवैद्यकाला अर्ज करायचं ठरवलं तेव्हा मला फार आनंद झाला, असं मी सगळ्यांना सांगितलं. खरं तर मला धास्तीच वाटली होती. मी स्वतः पुण्याची बीडीएस. लग्नानंतर नवऱ्याच्या व्हिसावर नेदरलँड्समध्ये, आइंडहोव्हनला आले आणि डिग्री मान्य करून घेण्याच्या परीक्षा दोनदा अर्धवट सोडल्या. आता बरीच वर्षं मी एका दवाखान्यात असिस्टंट आहे. डॉक्टर दात कोरतात, मी शेजारी बसून लाळ ओढणारी नळी धरते.

इथे शाळा संपली की थेट सहा वर्षांच्या दंतवैद्यकाला जाता येतं, पण जागा मोजक्या. नुसते मार्क पुरत नाहीत, हातही बघतात. शरद ऋतूत आम्ही दोघी नायमेखनला विद्यापीठाचा ओपन डे बघायला गेलो. सरावाच्या हॉलमध्ये खुर्च्यांच्या जागी धातूचे दांडे होते आणि प्रत्येक दांड्यावर एक रबरी डोकं. सगळ्यांचे जबडे उघडे. डोळ्यांच्या जागी नुसता फुगीर रबर. असली डोकी मी कॉलेजात वर्षभर हाताळलेली, तरी त्या दिवशी दारातच थबकले. मुलगी मात्र सरळ आत गेली आणि एका डोक्याच्या गालात बोट घालून म्हणाली, "आई, हे गरम आहे."

"लाइटमुळे असेल," मी म्हणाले. मी हात लावून बघितलं नाही.

आमच्या दवाखान्याचे जुने मालक, निवृत्त झालेले म्हातारे डॉक्टर, त्याच सुमारास तळघर रिकामं करत होते. पोरगी अर्ज करतेय हे कळल्यावर त्यांनी मला एक खोकं दिलं. आत जबड्यांचे प्लास्टरचे जुने साचे. पूर्वी दात सरळ करायच्या आधी पेशंटचं माप घेऊन असे साचे करून ठेवत. "हे बघून मेणात दात कोरायला लाव तिला," ते म्हणाले. "फेकूनच देणार होतो." साच्यांवरची नावं त्यांनी खरवडून काढली होती. पेशंटचा नंबर आणि वय तेवढं राहिलं होतं.

मुलीने ते साचे खिडकीच्या कट्ट्यावर ओळीने मांडले. शाळेतून आली की ती मेणाची कांडी घेऊन बसायची. डिसेंबरात चार वाजताच अंधारून येतं. चहा घेऊन तिच्या खोलीत गेलं की धुकट काचेपुढे पांढऱ्या जबड्यांची रांग दिसायची. हळूहळू इतर साचे खोक्यात परत गेले आणि चारच उरले. चारही एकाच नंबरचे. वय नऊ, बारा, चौदा, सतरा.

"हीच का?" मी विचारलं.

"शी इज नीटस," ती म्हणाली. नीटस म्हणजे रेखीव, एवढं मराठी तिने इंग्रजीत बसवलं होतं. मग थांबून म्हणाली, "सतरानंतर नाहीये. मी शोधलं सगळ्या बॉक्समध्ये."

तीही तेव्हा सतराचीच होती. मी विषय बदलला.

जानेवारीत तिला माप घ्यायचा सराव करायचा होता. मी दवाखान्यातून मापाची पावडर आणि जबड्याच्या आकाराचा ट्रे आणला, स्वयंपाकघरात खुर्चीवर बसले आणि आ केला. गार, पुदिन्याच्या वासाचा लगदा टाळूला चिकटला. तिने नीट धरून ठेवलं, झटक्यात काढलं. पहिल्याच खेपेला छान माप आलं. प्लास्टर ओतून ती झोपायला गेली.

दुसऱ्या दिवशी शनिवार होता. मी पोळ्या लाटत होते. तिने वरून हाक मारली. हाक नेहमीची नव्हती. मी पिठाच्या हातांनी जिना चढले.

माझा साचा तिने त्या चौघांच्या शेजारी ठेवला होता. पाचवा.

"आई, धिस इज यू," ती म्हणाली. "ऑल ऑफ देम."

उजवीकडची पहिली उपदाढ अर्धवट वळलेली, दाराआडून बघणाऱ्या माणसासारखी. वरच्या दाढेच्या आतल्या अंगाला एक जादा टेंगूळ. आणि डावीकडे, पुढच्या मोठ्या दाताच्या शेजारी, खुंटीसारखा बारीक दात. माझा तो दात लग्नाआधी कॅप घालून झाकलाय, त्यामुळे माझ्या साच्यात तो सरळ दिसत होता. पण कॅपखाली काय आहे ते मला ठाऊक होतं. माझ्या आईलाही तसाच दात होता, तिची कवळी बसेपर्यंत.

यातली एकेक गोष्ट पुष्कळ तोंडांत सापडते, हे मी शिकलेय. तिन्ही एका तोंडात, त्याच जागी? सख्ख्या बहिणींचेही दात इतके जुळत नाहीत. मी सतरा वयाचा साचा उचलला आणि पिठाचं बोट त्याच्या टाळूवरून फिरवलं. माझी जीभ माझ्याच टाळूला लागली होती. कुठे काय उंच लागणार ते मला आधीच कळत होतं.

सोमवारी मी म्हाताऱ्या डॉक्टरांच्या घरी गेले. त्यांना नंबर सांगितला.

"आठवते ती," ते म्हणाले. "भारतातून आणलेली मुलगी. आई-वडील इथले, डच. चार-पाच वर्षांची असताना पहिल्यांदा आली माझ्याकडे. तोंडच उघडेना. नंतर शिकायला उत्तरेला गेली आणि तिकडचीच झाली."

"जिवंत आहे?"

"का नसेल?" ते चमकले. "दर ख्रिसमसला कार्ड पाठवते. पण नाव मी सांगणार नाही. तू पत्र लिही, मी पोचवतो."

पत्राआधी मला सांगलीला फोन करायचा होता. रविवारी सकाळी केला. आई एकटी राहते, वडील जाऊन सहा वर्षं झाली. नातीच्या अभ्यासाची चौकशी झाली, थंडी झाली. मग मी म्हणाले, "आई, इथे एका जुन्या खोक्यात आपल्यासारखे दात सापडले. एका मुलीचे. तिला लहानपणी भारतातून आणलं होतं."

स्क्रीनवर आईचा चेहरा जागच्या जागी थांबला. मला वाटलं नेट गेलं. मागे भिंतीवर पंखा फिरत होता, म्हणजे नेट होतं.

"केवढी झाली?" आई म्हणाली.

"सतरा वर्षांची," मी म्हणाले. मला तेवढीच माहीत होती.

आईने मान हलवली. "आता तुझ्यापेक्षा मोठी असेल," ती म्हणाली. मग हळूहळू, तुकड्यातुकड्यांनी तिने सांगितलं. लग्नाआधीची गोष्ट. पुण्यातली एक संस्था, अकरा दिवस, मग एका बाईने बाळ उचलून नेलं. माझ्या वडिलांना ठाऊक नव्हतं. "मी तिला गेलीच समजत होते," ती म्हणाली. "तसंच समजायला सांगितलं होतं मला."

पत्र मी मराठीत लिहिलं, मुलीने डचमध्ये केलं. त्याच आठवड्यात तिचा प्रवेशाचा फॉर्म भरायचा होता. त्यात एक प्रश्न होता, दंतवैद्यच का व्हायचंय. तिने दोन पानं लिहून मला दाखवली. त्यात चार साचे होते, पाचवा होता, आजी होती. वाचून माझ्या अंगावर काटा आला, इतकं चांगलं होतं.

"हे नाही पाठवायचं," मी म्हणाले.

"बट इट्स ट्रू."

"खरंय म्हणूनच. दुसऱ्याच्या तोंडातलं आपण आपल्या अर्जात घालायचं नाही. तिने अजून आपल्याला हो म्हटलेलं नाही."

ती चिडली, दार आपटलं, जेवली नाही. सकाळी मात्र तिने दुसरंच पाठवलेलं दिसलं: हातांनी काम करायला आवडतं, आई असिस्टंट आहे, वगैरे. साधं आणि थोडं कंटाळवाणं. मला तिचा अभिमान वाटला.

चाचणीच्या दिवशी मी तिच्यासोबत नायमेखनला गेले आणि बाहेर कॉफी घेऊन बसले. कागदावरच्या रेषेबरहुकूम तार वाकवायला दिली होती. बाहेर आली तेव्हा बोटं लाल होती. म्हणाली, "मी डोळे मिटून केलं थोडं. बरं जमलं." एप्रिलमध्ये तिचा क्रमांक आला. यादीत काठावर, पण आत.

उत्तर आलं ते त्यानंतर, मे महिन्यात. म्हाताऱ्या डॉक्टरांनी पाकीट हातात दिलं. आत टाइप केलेलं एक पान. तिला भेटायचं नाही, फोनही नको. आम्ही वाईट वाटून घेऊ नये. ते साचे मात्र तिला हवेत, डॉक्टरांकडे द्यावेत. आणि एक विनंती: दवाखान्यातला प्रत्येक फॉर्म भरताना घराण्यातल्या आजारांपुढे आयुष्यभर तिला 'माहीत नाही' लिहावं लागलंय. तेवढं कळवता आलं तर कळवा. खाली सही नव्हती.

मुलीने चारही साचे वर्तमानपत्रात गुंडाळले. पाचवा हातात घेऊन तिने माझ्याकडे बघितलं. मी नको म्हणाले.

मग मी आईला फोन लावला. आईने चष्मा घातला, पदर सावरला आणि सांगायला लागली. तासभर सांगत होती. स्वतःचं ब्लडप्रेशर, तिच्या आईची साखर, मामाचं हृदय, कुणाला कमी वयात मोतीबिंदू, कुणाचे सांधे. मी लिहीत होते, मुलगी शेजारी बसून डच शब्द शोधत होती. ज्या माणसाबद्दल सांगायचं नव्हतं, त्याच्याबद्दलही तिने एक वाक्य सांगितलं: "त्या बाजूला दमा होता." मी तेही लिहिलं.

"झालं?" मी विचारलं.

"एक राहिलं. ती झोपेत दात खायची."

"आई, अकरा दिवसांचं बाळ. दात कुठले?"

"नव्हतेच," आई म्हणाली. "पण खायची. रात्रभर आवाज यायचा मला. तेवढं विचार तिला, अजून खाते का."

माझ्या मुलीने मान वर केली नाही. तिने ते डचमध्ये लिहिलं आणि मी सांगायच्या आधीच वाक्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह घातलं.