निवद कुठे जातो

त्या सोमवारी सकाळी मंदिरातली विष्णूची मूर्ती जागेवर नव्हती.

मंदिर संरक्षित, धुळे तालुक्यातले. दाराचे कुलूप शाबूत होते आणि चावी एकाच माणसाकडे होती. तो माणूस म्हणजे तिथले म्हातारे चौकीदार नाना. पंचनामा आटोपून मी त्यांना ठाण्यात आणले. हातभर उंचीची ती मूर्ती राज्याबाहेर गेली, तर परत मिळणे कठीण. मला घाई होती, आणि घाईला समोर दिसणारा माणूस सोयीचा असतो.

दोन दिवस ते बाकावर बसून होते. गावातले लोक येऊन पाहून जात.

"चावी कोणाला दिली होती?"

"कोणलेच नई, साहेब."

तिसऱ्या दिवशी नाना आपणहून बोलले. "साहेब, ज्यानी नेली त्याना घरमा माय ते व्हईच. ती देवले उपाशी ठेवाव नई. निवद कोठे जास ते देखा."

हवालदार हसले. मी मात्र मंदिराच्या डागडुजीला आलेल्या गवंड्यांची यादी काढली आणि त्यांच्या गावांच्या पोलीस पाटलांना एवढेच विचारले, कुणाचे नैवेद्याचे ताट भलतीकडे जाते का? दुपारी सोनगीरकडच्या एका पाटलाचा फोन आला. एका गवंड्याची आई रोज ताट घेऊन कडब्याच्या खोलीत जात होती.

पंचांसमक्ष कडबा हलवला. मागे मूर्ती होती, शेंदराने माखलेली. पुढे भाकरी आणि गूळ.

"पोऱ्या म्हने, मशीनना भाग शे," म्हातारी म्हणाली. "मशीनले डोळा ऱ्हातस का, भाऊ?"

"मग कळवलं का नाही, अक्का?"

"पोऱ्याना धाक व्हता. पन घरमा उना देव, त्याले उपाशी कसं ठेवू?"

मुलाने तासाभरात कबुली दिली. कामाच्या दिवसांत नानांचा डोळा चुकवून त्याने चावीचा ठसा साबणावर घेतला होता.

नानांना मी स्वतः जीपने गावात सोडले. पारावर उभा राहून सांगितले की यांचा काही दोष नाही. कापूस वेचणीचे दिवस होते. ऐकायला चार माणसे होती. त्यातले एक आबा म्हणाले, "लई गयात तवय बठ्ठा गाव व्हता, साहेब." खरेच होते; नानांना नेले तेव्हा सगळा गाव जमला होता.

त्यानंतरच्या नोकरीत निर्दोष माणसाला मी बाजाराच्या दिवशीच गावात सोडले, आणि मोठ्याने सांगून. तपास कसा करावा हे शिकवणारे पुष्कळ भेटले. निर्दोष माणसाला कसे सोडावे, हे मला नानांमुळे कळले.

नाना गेल्या महिन्यात वारले. गावातले काही जण अजूनही त्यांना मूर्तीचोर नानाच म्हणतात.