टूलबारवरची माझी बटणं

कामरगावात बसथांब्याजवळच्या एका फोटो स्टुडिओत मी लग्नाचे फोटो निवडून अल्बम लावतो. सोयाबीन काढताना थ्रेशरमध्ये माझ्या उजव्या हाताची बोटं गेली, तेव्हापासून माउस डाव्या हातात आला. माउस धरून त्याच वेळी कीबोर्डवरची दोन-तीन बटणं दाबणं मला जमत नाही. म्हणून फाइल मॅनेजरच्या वरच्या पट्टीवर मी माझी सोय करून घेतली होती. कॉपी, पेस्ट, नाव बदलणं, नवीन फोल्डर, सगळं ओळीनं, मोठ्या आकारात. डिलीटचं बटण पार काढून टाकलेलं. एकदा हे बसल्यावर काम भराभर व्हायला लागलं.

त्याच कॉम्प्युटरवर स्टुडिओचे मालक पासपोर्ट फोटो काढत. मी त्यांना दादा म्हणतो. माझी बटणं त्यांच्या डोळ्यांत खुपायची. लग्नसराईत एका सकाळी मी नवीन फोल्डरचं बटण नेहमीच्या जागी दाबलं आणि हळदीच्या फोटोंचा अख्खा फोल्डर पडद्यावरून नाहीसा झाला. समोर नवरीचे वडील बसलेले. पाहतो तर पट्टी पहिल्यासारखी केलेली. माझ्या बटणाच्या जागी डिलीट.

"दादा, हे कोनं बदललं?"

"मी. इतकी गर्दी कायले पायजे? मले काई सापडून नाई राह्यलं."

"मले इचारायचं तरी. फोटो गेले असते ना!"

फोल्डर रिसायकल बिनमध्ये होता, लगेच परत आला. पण नवरीचे वडील घाबरून उठून उभे राहिले होते, आणि त्यांना दाखवायला दादा हसत म्हणाले, "हात नाई त नाई, डोये तरी वापरत जाय."

माझ्या कानशिलापर्यंत आग गेली. अपघातानंतर कोणी काम देत नव्हतं तेव्हा याच माणसानं दिलं होतं, हे मला माहीत होतं. ते आठवून गप्प बसावं, असं त्या क्षणी जराही वाटलं नाही.

"माह्या हाताचं नाव काढाचं काम नाई," मी म्हणालो. "तुमाले बटणं सापडत नाईत म्हनून तुमी माही मोडली. माह्या कामात माही बटणं लागतात. नसन चालत त दुसरा मानूस पाहा."

"तुले कामावर कोनं ठेवलं, इसरला काय बे?"

मी चप्पल घातली आणि निघालो. घरी बायकोनं दोनदा विचारलं. मी तिच्यावरही ओरडलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी दादा दारात आले. आत यायला तयार नाहीत. उंबऱ्याबाहेर उभं राहूनच म्हणाले, "दोन खाते होतात म्हने कॉम्प्युटरले. एक तुहं, एक माहं. तुह्यात तू काय लावाचं ते लाव."

"अन काल जे बोलले ते?"

ते गाडीच्या किल्लीशी चाळा करत राहिले. "चाल ना, नवरीकडचे बसून आहेत," एवढंच.

मी गेलो. माझं खातं उघडलं, पट्टी पुन्हा लावली, पासवर्ड टाकला. अल्बम वेळेत गेला. अजून आम्ही एकाच खोलीत काम करतो, चहाही सोबत घेतो. पण ग्राहकासमोर दादा हसायला लागले की माझं डोकं आजही तापतं, आणि ते का तापतं हे त्यांना चांगलं ठाऊक आहे.