खुणेपर्यंत पाणी

हॉस्पिटलच्या औषधखिडकीत चौतीस वर्षं काढलेल्या त्या बाईला नावानं कोणी हाक मारत नसे. ती सगळ्यांची कंपाउंडरबाई. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली तरी रस्त्यात भेटलेला माणूस आधी कुठं दुखतं ते दाखवायचा आणि मग "कशा आहात?" म्हणून विचारायचा.

तिचा नवरा ट्रक ड्रायव्हर. धंद्यातले लोक त्याला उस्ताद म्हणत. जन्मभर त्यानं दुसऱ्यांचा माल वेळेवर पोचवला, आणि वाटेतली तळी, डोंगर, माळरानं चालत्या गाडीच्या काचेतूनच पाहिली. म्हणून म्हातारपणी त्यानं एक ट्रक घेतला आणि त्याच्या पाठीवर घर बांधलं. दोन बाकं, एक शेगडी, भांडी घासायची मोरी, एक गोल खिडकी. "आता थांबत थांबत जाऊ," म्हणाला. घराचा रंग वाळतोय न वाळतोय तोच त्याला अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात लुळा पडला, उजवा पाय ओढत चालायचा झाला आणि शब्द गेले. अगदी सगळेच गेले नाहीत म्हणा. पण एखादा हवा असला की विहिरीतून पोहरा ओढावा तसा तो ओढून काढावा लागे.

मुलगी म्हणाली, "विकून टाका." गिऱ्हाईकही तिनंच आणलं. पण कंपाउंडरबाईनं कोणाला कानोकान खबर न लागू देता, एकसष्टाव्या वर्षी, ट्रकचं लायसन काढलं. घरात कळलं तेव्हा मुलीनं कपाळाला हात लावला. उस्ताद हसला नाही, रागावलाही नाही. त्यानं पाटी मागवली आणि डाव्या हातानं वेडंवाकडं लिहिलं, 'चार दिवस. एक चूक झाली की विकू.' ड्रायव्हर नसलेली गाडी अंगणात सडवण्यापेक्षा ती दुसऱ्याच्या हाती फिरलेली बरी, हे त्याचं साधं गणित होतं. रविवारी संध्याकाळी मुलगी फोन करणार आणि गिऱ्हाइकाला हो किंवा नाही कळवणार, असं ठरलं.

गुरुवारी दोघं ट्रक घेऊन निघाली. पहिले तीन दिवस कसे गेले ते तिला नंतरही नीट सांगता आलं नाही. गवताचं रान दोन्ही बाजूंनी हलत राहायचं आणि वाटायचं, ट्रक उभाच आहे, जगच मागे वाहत चाललंय. दुपारी गोल खिडकीतून उन्हाचा एक तुकडा आत यायचा आणि बाकावरून जमिनीवर, जमिनीवरून उस्तादाच्या पायांवर सरकायचा. दोघं तो बघत बसायची. बोलायचं कोणी नाही. चौतीस वर्षं खिडकीपलीकडची गर्दी ऐकून तिचे कान किटले होते; तिला ही शांतता गोड लागली. आपण जागे आहोत की झोपेत, असा प्रश्न तिला दिवसातून दोनदा तरी पडे आणि उत्तराची घाई नसे.

शनिवारी मात्र तिचा शहाणपणा आडवा आला. डिझेलच्या टाकीशेजारी निळ्या झाकणाची एक धाकटी टाकी असते. तिच्यात डीईएफ घालतात. गाडीवाले त्याला सरळ युरिया म्हणतात. धुरातलं विष मारायचं औषधच ते. आणि औषध म्हटल्यावर कंपाउंडरबाईला शिकवायला कोण जाणार? तिनं झाकण उघडलं तर टाकीच्या तोंडाला पांढरे खडे जमलेले, आतलं औषधही थोडं खाली गेलेलं. औषध आटून घट्ट झालंय, हे तिनं तिथल्या तिथं ठरवलं. आटलेल्या औषधात खुणेपर्यंत डिस्टिल्ड पाणी घालायचं, हा तिचा चौतीस वर्षांचा हात. बॅटरीसाठी आणलेला पाच लिटरचा कॅन तिनं टाकीत रिकामा केला, झाकण पुसलं आणि मिटल्या तोंडानं गाणं गुणगुणत आत आली. बाकाखाली युरियाचे दोन सीलबंद कॅन होते, त्यांना तिनं हातही लावला नाही. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात ते उगाच नाही.

रविवारी सकाळी निघून काही मैल होत नाहीत तोच समोर पिवळा दिवा लागला. खाली अक्षरं आली: दीडशे किलोमीटरनंतर इंजिन पुन्हा सुरू होणार नाही. घर अजून दोनशे किलोमीटर लांब होतं. काय झालं ते तिला लगेच कळलं. पातळ औषध कुठल्याही रोग्याला लागू पडत नाही, मग ट्रकला कसं पडेल? तिनं चष्म्याचं घर उचललं आणि दिव्यावर ठेवलं.

चोराच्या मनात चांदणं. उस्ताद खिडकीबाहेर बगळे बघत होता, तरी तिला वाटलं तो आपल्याकडेच बघतोय. गप्प बसलं तर दीडशे किलोमीटर सुखात जातील आणि कुठल्यातरी वळणावर गाडी कायमची झोपेल. सांगितलं तर पाटीवरचं वाक्य आहेच. ही गोल खिडकी, हा उन्हाचा तुकडा, हा माणूस शेजारी असा निवांत बसलेला, सगळं परक्याच्या दारात जाईल. तिला रडू यायला लागलं. पण औषधखिडकीत एकदा तिच्या हातून चुकीची पुडी गेली होती, तेव्हा ती अनवाणी फाटकापर्यंत धावली होती आणि भर गर्दीत तिनं ओरडून सांगितलं होतं, "ती खाऊ नका, माझी चूक झाली." ती सवय सुटणारी नव्हती. तीस किलोमीटरवर तळ्याकाठी रुंद जागा दिसली, तिथं तिनं ट्रक बाजूला घेतला आणि चष्म्याचं घर उचललं.

"अहो, मी त्या युरियात पाणी घातलं. काल. पाच लिटर."

उस्तादानं दिव्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. मग तो दार उघडून, दांडी धरून, पाय ओढत खाली उतरला.

ती पोतं अंथरून ट्रकखाली शिरली. शब्द काढत बसायला वेळ नव्हता, म्हणून तो वरून डाव्या हाताच्या बोटांनी टाकीवर वाजवून सांगू लागला. एकदा वाजवलं की थांब, दोनदा की फिरव. टाकीच्या बुडाला बूच होतं. पान्याला ते काही केल्या दाद देईना.

"अहो, हे कोणी बसवलंय? राक्षसानं?"

वरून दोनदा टकटक.

बूच निघालं. गार पाणी तिच्या कोपरापर्यंत ओघळलं आणि भांडी घासायच्या टबात पडू लागलं. नाकात झणझणीत वास भरला. पडल्या पडल्या तिला गवताची टोकं दिसत होती, त्यामागे तळ्याची चमक, आणि मध्ये उस्तादाचे दोन पाय, एक सरळ, एक किंचित तिरपा. धारेचा आवाज संथ होता. तिला वाटलं, संध्याकाळ होऊच नये, फोन येऊच नये, आपण इथंच पडून राहावं आणि वरून कोणीतरी हलकेच टकटक करत राहावं.

टाकी निथळली, बूच बसलं. काढलेलं पाणी तिनं पाण्याच्या रिकाम्या कॅनात, बादलीत आणि टबात भरून मागे ठेवलं. नळी लावून नवे कॅन ओतताना ती सवयीनं टाकी काठोकाठ भरायला निघाली होती, तोच उस्तादानं टाकीच्या तोंडावर तळहात आडवा धरला. पुरे.

इंजिन सुरू झालं, पण दिवा तसाच.

"धाव... दे," उस्ताद म्हणाला.

गाडीला पटायला वेळ लागतो. एकशे अठरा, एकशे सतरा, दिव्याखालचे आकडे उतरत राहिले, ऊन तिरपं होत गेलं, रान सोनेरी झालं. ब्याण्णववर दिवा विझला. तिला आनंद झाला, पण तो अर्धाच. गाडी बरी झाली होती. पाटीवरचं वाक्य पुसलं गेलं नव्हतं. उस्ताद समोर बघत होता आणि त्याच्या चेहऱ्यावरून काही म्हणता काही कळत नव्हतं.

घर तासाभरावर आलं तेव्हा फोन वाजला. उस्तादानं डाव्या बोटानं स्पीकर लावला.

"बाबा, काय सांगू गिऱ्हाइकाला? चूक झाली का एखादी?"

"झाली," उस्ताद म्हणाला.

कंपाउंडरबाईनं स्टिअरिंग घट्ट धरलं. उस्तादाचा गळा हलला, ओठ हलले. आत कुठंतरी खोलवर तो शब्द शोधत होता आणि दोघी बायका श्वास रोखून वाट बघत होत्या.

"तिनं... सांगितली."

"म्हणजे? मग विकायची का नाही?"

"नाही. ड्रायव्हर... मिळाला."

कंपाउंडरबाईच्या डोळ्यांना धारा लागल्या. तिनं मान वळवून नवऱ्याकडे पाहिलं.

"समोर बघ," उस्ताद म्हणाला. हे मात्र न अडखळता.