जळकं जवस

आज सुनेनं चटणीसाठी जवस भाजायला घेतलं आणि ते करपलं. तो वास आला आणि आमच्या जिल्ह्याला अजून चांदा म्हणत, तेव्हाचा एक हिवाळा आठवला. धान घरात आलं की गावच्या तलावात जाळी पडत आणि आठवडाभर घरोघरी मासळी शिजे. त्या वर्षी पावसाळ्यात आई गेली होती आणि तेव्हापासून बाबांनी मासळीला हात लावला नव्हता. त्यांचे जुने मित्र, तलावावरचे मासेमार काका, रोज ताजी मरळ आणून देत आणि रोज मला वाटे, आज तरी बाबा खातील. शेवटच्या दिवशी अंगणात शेकोटीजवळ पाच-सहा जणांची पंगत बसली. आई लावायची तसं मी रश्शाला जवस वाटून लावलं होतं, पण तव्यावर ते जळालं होतं. पहिल्याच घासाला काका ओरडले, "भाऊ, या पोरीनं त कोळसा वाटला! माह्या पोटात भट्टी पेटून राह्यली." सगळे हसले. मी मान खाली घातली. बाबा पातेल्यात डोकावले आणि म्हणाले, "हिच्या मायनं बी पहिल्या खेपेले असंच जाळलं होतं. आण वं, वाढ मले." त्या दिवशी ते पोटभर जेवले. आता आमच्या ह्यांना, सुनेच्या सासऱ्यांना, जाऊन सव्वा महिना झाला, माझं ताट तसंच परत जातं. सून ओशाळून जवस फेकायला निघाली होती. मी तिला थांबवलं, म्हटलं, "त्याचीच चटणी कर. वाढ मले."