सासूबाई, मी आणि महागावकडचं माळरान

जायचं ठरवलं ते सासूबाईंनी. मी फक्त मोबाइलवर आलेली जाहिरात त्यांना वाचून दाखवली होती. यवतमाळ जिल्ह्यात गवताळ माळरान राखायला आणि तिथल्या शाळांमध्ये मुलांना निसर्गाची ओळख करून द्यायला आठवड्याभरासाठी स्वयंसेवक हवेत, राहायची सोय शाळेतच, वय अठरा ते सत्तर.

"सत्तर? मग मी बसते की त्यात," आई म्हणाल्या.

आई म्हणजे माझ्या सासूबाई, नलिनीताई. जन्मभर शाळेत खेळाच्या शिक्षिका. निवृत्त झाल्या आणि पुढच्याच वर्षी सासरे गेले. तेव्हापासून त्या पुण्यात आमच्याकडे आहेत आणि दिवसभर बाल्कनीतून खालचं पार्किंग बघतात. मी ऊन, चिखल, डास असं सगळं सांगून पाहिलं.

"अश्विनी, कबड्डीच्या पोरींना घेऊन मी कुठल्याकुठल्या गावांत सतरंजीवर झोपले आहे. तू येतेस की मी एकटी जाऊ?"

माझा नवरा, समीर, चहा पिता पिता एवढंच म्हणाला, "आठ दिवस गवत बघायला चाललात?"

ज्यांना जायचंय त्यांच्यासाठी रस्ता सांगून ठेवते. पुण्याहून रात्रीच्या गाडीने नांदेड आणि तिथून उमरखेडची एसटी. बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे, त्यामुळे हा टप्पा फारच स्वस्तात होतो. ऑगस्टची अखेर होती. दोन्ही बाजूंना कपाशी आणि सोयाबीन, मधूनमधून तुरीच्या ओळी. आईंनी नांदेडलाच खिडकी पकडली ती उमरखेड येईपर्यंत सोडली नाही. सगळ्या सहलीत आमचं भांडण झालं ते एवढ्यावरूनच.

उमरखेडच्या स्टँडवर फरजाना आली होती. ती या कामाची प्रमुख, तिशीच्या आतली, इथलीच. तिच्या अब्बूंचं गावात गॅरेज आहे, त्यामुळे जुनी जीप ती अशी चालवते की रस्त्यातल्या खड्ड्यांनीच बाजूला व्हावं. जीपच्या टपावर सायकलचे जुने टायर बांधलेले होते.

"हे कशाला?" मी विचारलं.

"आपली प्रयोगशाळा आहे ती, दीदी," ती हसली.

मागच्या सीटवर गजानन होता. राळेगावकडच्या शेतकरी घरातला, वनस्पतिशास्त्र शिकलेला आणि बोलायला भलताच लाजरा. आणखी दोघे येणार होते, ते ऐनवेळी गळाले. म्हणजे आम्ही चौघंच. "चौघांत कबड्डी होत नाही, पण काम होईल," आई म्हणाल्या आणि जीप महागावच्या दिशेने निघाली.

गावाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. महागाव तालुक्यात, हमरस्त्यापासून थोडं आत आहे, एवढंच. तिथल्या माळावर पक्षी जमिनीवर घरटी करतात आणि सगळेच पाहुणे सारखे नसतात.

शाळेच्या एका खोलीत आमच्या गाद्या पडल्या. जेवण शाळेजवळच राहणाऱ्या शांताबाईंकडे. माणशी थोडे पैसे द्यायचे आणि पोटभर जेवायचं. पहिल्याच रात्री भाकरी, ठेचा आणि तरोट्याची भाजी होती. हा तरोटा पावसाळ्यात बांधावर आपोआप उगवतो, त्याचा कोवळा पाला लसूण घालून परततात. मी तीनदा वाढून घेतली. शांताबाई म्हणाल्या, "पुन्यात भेटत नाही वाटते हे?" भेटत नाही, आणि हे सांगताना मला खरंच वाईट वाटलं.

दिवसाचं काम असं ठरलेलं. सकाळी माळावर जाऊन रानतुळस उपटायची. दिसायला बरी, वासालाही बरी, पण ती पसरली की खालचं गवत गुदमरतं. मग दुपारी शाळा. पहिल्या दिवशी कंबर धरली. दुसऱ्या दिवशी लक्षात आलं की आई माझ्या पुढे एक अख्खा पट्टा उपटून गेल्यात आणि वर गजाननला सांगतायत, "गुडघ्यात वाक रे, पाठीत नको."

आणि माळ! मी आर्किटेक्टच्या ऑफिसात नकाशे काढते. असली जमीन आमच्या नकाशात कोरी सोडतात. इथे त्याच कोऱ्या जागेत गुडघाभर पवना गवत वाऱ्यावर लोळत होतं, त्यात मधेच तांबूस शेंडे, मधेच जांभळी इवली फुलं. चंडोल सरळ वर चढायचा, वरूनच गाणं म्हणायचा आणि दगडासारखा खाली यायचा. मी रानतुळस सोडून वर बघत बसायची आणि फरजाना बघू द्यायची.

शाळेत टायरचा उलगडा झाला. मुलांनी माळावर कुठेही टायर ठेवायचा आणि त्या गोलात जे जे दिसेल त्याचं चित्र काढायचं. एवढंच. पण सातवीतली रोशनी, जवळच्या तांड्यावरून येणारी, टायरजवळ पालथी पडली ती उठेचना. "मॅडम, याच्यात तं गावच आहे अख्खं!" ती ओरडली. मुंग्या, नाकतोडे, गोगलगाय, चार प्रकारची गवतं, एक इवलासा कोळी. आईंनी त्यावर लगेच खेळ काढला. एक गट नाकतोडे, एक गट पक्षी, मधे गवत झालेली मुलं, आणि गवत कमी करत न्यायचं. गवत संपलं की नाकतोड्यांना लपायला जागा नाही, आणि नाकतोडे संपले की पक्षी उपाशी. मुलं पडत होती, धुळीत लोळत होती, हसत होती. आईंचा आवाज पार हमरस्त्यापर्यंत जात असावा. बाल्कनीतल्या आई त्या मैदानावर मला कुठेच दिसल्या नाहीत.

तिसऱ्या दिवशी सरपंच वंदनाताई शाळेत आल्या. चाळिशीच्या, चटपटीत, पदर खोचलेला. खूश होत्या. "बरं झालं तुमी आले. परवा माळावर झाडं लावायचा कार्यक्रम हाये. ट्रकभर रोपं आली, तालुक्याहून पाहुने येऊन राह्यले. तुमी मुलाइले घेऊन या."

फरजानाचा चेहरा उतरला. माळाच्या एका कडेला यंत्राने पट्टा खरवडून ठेवला होता, तो आम्ही पाहिला होता. कशासाठी ते आता कळलं.

"ताई, झाडं लावा, पण माळावर नको," ती म्हणाली.

वंदनाताई आधी हसल्या, मग थांबल्या. "पर्यावरनवाले ना तुमी? अन् झाडं लावायले तुमीच नाही म्हनता? रिकामी पडली हाये ते जागा."

"रिकामी नाही हो ताई..." गजानन पुटपुटला.

"मंग काय हाये तिथं? गवत!" त्या उठल्या. दारापाशी वळून मात्र म्हणाल्या, "उद्या सकाळी येतो मी माळावर. दाखवा मले काय हाये ते. पटलं तं पाहू. नाही तं परवा खड्डे."

त्या संध्याकाळी जेवायला बसलो तरी आमचं तेच बोलणं चाललं होतं. उगाच गावाशी वाकडं घ्यायला आलो होतो का आपण? त्यांची रोपं, त्यांचे पाहुणे, आणि झाडं लावणं काही वाईट काम नव्हे. शांताबाई भाकरी थापता थापता ऐकत होत्या. त्यांच्या बकऱ्या याच माळावर चरतात. "झाडं लावली का तारेचं कुंपन येते," त्या म्हणाल्या. "मंग माह्या बकऱ्या कुठी न्यू मी?"

"हे उद्या तुम्हीच सांगा त्यांना," आई म्हणाल्या.

"मी? सरपंचाले?"

"का? त्यांना तुम्ही मत दिलं नाही का?"

शांताबाई खो खो हसल्या. पण सकाळी बकऱ्यांसकट हजर होत्या.

मुलं आली, शिक्षक आले, निम्मं गाव आलं. मुलांनी टायरची चित्रं दाखवली. वंदनाताईंनी कौतुक केलं, पण ते कौतुक चित्रांचं होतं, गवताचं नव्हे. शांताबाईंनी बकऱ्यांचं सांगितलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "कुंपनाले फाटक ठेवू न बाई." मला वाटलं, संपलं.

मग गजानन पुढे झाला. एरवी चार शब्द बोलताना कानशिलं लाल होणारा हा माणूस. त्याने मुलांना उताराखालच्या विहिरीवरून बादल्या भरून आणायला लावल्या. गाव त्याच विहिरीचं पाणी पितं. एक बादली त्याने खरवडलेल्या पट्ट्यावर ओतली. पाणी लालसर गढूळ होऊन माती घेत थेट विहिरीच्या दिशेने पळालं. दुसरी गवतात ओतली. पाणी गवतात शिरलं आणि दिसेनासं झालं.

सगळे पुढे सरकून वाकले.

"पुन्हा टाक," वंदनाताई म्हणाल्या. त्याने टाकलं. तेच झालं.

"थांब, मीच टाकतो," म्हणत त्यांनी पदर आणखी घट्ट खोचला, रोशनीच्या हातातली बादली घेतली आणि गवतात दुसरीकडेच, स्वतः निवडलेल्या जागी रिकामी केली. वाकून पाहिलं. मग चालत पट्ट्याच्या टोकाला गेल्या आणि तिथून खाली विहिरीकडे बराच वेळ बघत राहिल्या.

"पहिल्या झडीत विहिरीचं पानी काहून गढूळ आलं मंग... आवंदाच आलं. पट्टा आवंदाच खरडला ना आपन?"

तेवढ्यात आईंनी हात वर केला आणि हळूच खाली नेला. बसा. मुलं खेळातली ती खूण ओळखत होती. सगळी खाली बसली, त्यांचं पाहून मोठी माणसंही बसली. समोर पायवाटेवर तितराची मादी आली होती. मान उंच करून तिने इकडेतिकडे पाहिलं आणि मागे वळून काहीतरी बारीक बोलली. गवतातून एक पिल्लू बाहेर पडलं. मग एक. मग एकदम तीन, एकमेकांच्या अंगावर पडत. सगळ्यात शेवटचं मधेच थांबून नाकतोडा पकडायला गेलं, चुकलं, आणि घाईघाईने आपल्या आईमागे पळालं.

ती सगळी गवतात दिसेनाशी झाल्यावर वंदनाताईच आधी बोलल्या, तेही कुजबुजत.

"हे इथंच राह्यते?"

"इथेच, ताई," गजानन म्हणाला. "गवत आहे म्हणून."

त्यांनी गुडघे झटकले आणि सरपंचाच्या आवाजात हुकूम सोडला. झाडं लावायची, पण गावात. शाळेच्या रस्त्याला, स्मशानभूमीभोवती, शेताच्या बांधांवर, आणि उरलेली दर घराला एक. खरवडलेल्या पट्ट्यावर पुन्हा गवताचं बी टाकायचं, ते काम गजाननचं.

"आणि पाहुणे?" फरजानाने विचारलं.

"पाहुन्यायले सांगू, सावली मानसायले पायजे, मानसं गावात राह्यतात. फोटो तं तिथंबी निघते न!"

मुलांनी जो ओरडा केला, त्याने माळावरचा उरलासुरला पक्षीही उडाला असेल. फरजाना जीपला टेकून एकाच वेळी हसत आणि रडत होती. शांताबाईंनी त्या दिवशी पाटवडीचा रस्सा केला, इतका तिखट की आईंनी डोळे पुसत दुसरी वाटी मागितली.

कार्यक्रम झकास झाला. पाहुण्यांनी शाळेच्या रस्त्यावर कडुनिंब लावला आणि फोटो काढले. रोशनीने तिच्या वाट्याचं जांभळाचं रोप तांड्यावर नेलं. "याडीनं जागा करून ठेवली आहे," ती म्हणाली. याडी म्हणजे बंजारा बोलीत आई. उरलेले दिवस आम्ही रानतुळस उपटत आणि शेजारच्या गावांतल्या शाळा करत काढले. निघताना वंदनाताई स्टँडपर्यंत आल्या होत्या. "पुढच्या पावसाळ्यात या, गवत उगवलं का नाही पाहायले," त्यांनी बजावलं.

जायचंच असेल तर पायात बंद बूट घाला, पूर्ण बाह्यांचे कपडे घ्या, आणि तिखट झेपत नसेल तर आधीच सांगा. कुणी ऐकणार नाही, पण सांगा.

पुण्यात आल्यावर अंगदुखी दोन दिवसांत गेली. राहिलं ते वेगळंच. ऑफिसात नकाशाचा कोरा भाग आला की माझा हात आता जरा थांबतो. आणि आई बाल्कनीत बसत नाहीत. रोज संध्याकाळी सोसायटीतल्या मुलांना खाली गोळा करतात.

परवाच्या रविवारी आम्ही समीरला सासवडच्या बाजूला एका माळावर नेलं. "इथे काय आहे?" त्याने विचारलं. आई म्हणाल्या, "बस." तो बसला. पाच मिनिटं फोन बघितला, मग फोन खिशात गेला, मग तो नुसताच बसला. वारा होता, गवत हलत होतं. एकाएकी त्याने माझा दंड धरला.

"ते सरळ वर काय उडालं गं?" तो अगदी हळू आवाजात म्हणाला.

आईंनी आणि मी एकमेकींकडे पाहिलं. उत्तर दोघींनाही माहीत होतं. आई गवतात जरा आणखी सैलावून बसल्या.

"थांब," त्या म्हणाल्या. "येईल परत."